अडला गिअर, धरा धीर!

जुन्या पिकअपची गिअर लिव्हर जाम झाली की पहिला हात हातोड्याकडे जातो, आणि खर्चाची सुरुवात तिथंच होते. ती लिव्हर आदळआपट न करता बाहेर कशी काढायची, आणि मुळात अडते कशामुळे? वीकेण्डला हात काळे करायची तयारी असेल, तर पुढे वाचाच...

तळवड्याच्या आयटी पार्ककडून इंद्रायणी ओलांडली की निघोजे. खेड तालुक्यातलं हे एक साधं शेतीचं गाव. आज मात्र पत्ता विचारलात तर उत्तर येतं, 'महिंद्राच्या कंपनीपाशी!' चाकण एमआयडीसीच्या चौथ्या टप्प्यातला महिंद्राचा हा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला. २०२१ ची एक्सयूव्ही ७०० इथलीच, २०२२ ची स्कॉर्पिओ-एनसुद्धा इथलीच. नोव्हेंबर २०२४ मध्ये जगासमोर आलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या इलेक्ट्रिक गाड्याही चाकणच्याच. या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये क्लच नाही, पहिला-दुसरा-तिसरा अशी भानगड नाही. पुढे जायचं की मागे, एवढं फक्त सांगायचं. बाकीचं मोटर बघून घेते.

आणि त्याच रस्त्यावर, त्याच गर्दीत, तुमच्या कॅबच्या शेजारी उभी असते एक जुनी पिकअप. मागे क्रेट किंवा गोण्या रचलेल्या, आरशाला लिंबू-मिरची, आणि गिअरच्या नॉबवरचे आकडे केव्हाच पुसले गेलेले. ड्रायव्हरला ते आकडे लागतही नाहीत म्हणा! त्याच्या तळहातालाच सगळं पाठ असतं. पण एखाद्या दिवशी हाच तळहात नॉबवर दाबून दाबून लाल होतो आणि गिअर काही हलत नाही.

आपल्यासाठी असा ब्रेकडाउन म्हणजे एक वैतागलेला स्टेटस मेसेज आणि दुसरी कॅब. पिकअपवाल्याचं गणित वेगळं असतं. चाकणच्या महात्मा फुले मार्केट यार्डात कांदा-बटाटा पोचवायचा असेल, तर माल वेळेवर लागतो. गाडी उभी राहिली की त्या दिवसाचं भाडं गेलं. पुढच्या वेळी व्यापारी दुसऱ्याला फोन लावतो. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतोच. आणि खरं सांगा, तुमच्यापैकी कितीजणांच्या गावाकडच्या घरासमोर अशी एखादी पिकअप उभी आहे? कुणाच्या बाबांची, कुणाच्या चुलत भावाची, कुणाच्या मामाची? म्हणजे हा विषय अगदीच परका नाही!

अडलंय नक्की काय?

'गिअर अडकला' या एका वाक्यात तीन वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. डॉक्टरकडे गेल्यावर नुसतं 'पोट दुखतंय' म्हणून भागत नाही ना? तसंच हे.

पहिलं दुखणं : गाडी एका गिअरमध्ये आहे आणि लिव्हर न्यूट्रलला येतच नाही. दुसरं : लिव्हर भाताच्या पातेल्यातल्या पळीसारखी गोल गोल फिरते, पण एकही गिअर पडत नाही. तिसरं : गिअर व्यवस्थित पडताहेत, पण काम करायचं म्हणून लिव्हर बाहेर काढायची आहे आणि ती जागची सुटत नाही. कधी नॉब गंजलेला, कधी खालची टोपी धरून बसलेली.

या तिघांवर इलाज वेगळे. म्हणूनच चांगला मिस्त्री आल्या आल्या पाना उचलत नाही. आधी दोन प्रश्न विचारतो. क्लच दाबल्यावर गिअर सुटतो का? आणि गाडी बंद पडली तेव्हा कोणत्या गिअरमध्ये होती?

पहिल्या दुखण्यात दोष अनेकदा लिव्हरचा नसतोच. क्लच पूर्ण सुटत नसेल, किंवा गाडी चढावर गिअरमध्येच उभी केली असेल, तर गाडीचं अख्खं वजन गिअरच्या दातांवर येतं. दात एकमेकांना घट्ट धरून बसतात. अशा वेळी लिव्हर ओढणं म्हणजे बाहेरून कडी लावलेलं दार आतून ढकलणं! इंजिन बंद करा, क्लच दाबा आणि दोघा मित्रांना गाडी पुढे-मागे अगदी वीतभर हलवायला सांगा. दातांवरचा ताण एका क्षणापुरता सुटतो. त्याच क्षणी हलक्या हाताने लिव्हर न्यूट्रलला आणा. पुष्कळ वेळा इथंच काम फत्ते होतं. फक्त हा प्रयोग सपाट जागेवरच करायचा. उतारावर गिअर सुटला की गाडीही सुटेल!

आतली गोष्ट

आता थोडं विज्ञान, पण बोअर न करता.

जुन्या पिकअपमध्ये इंजिन पुढे, त्याला लागून गिअरबॉक्स आणि मागची चाकं फिरवणारा लांबलचक प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्स नेमका ड्रायव्हरच्या डाव्या हाताच्या खाली येतो. त्यामुळे बऱ्याच मॉडेलमध्ये लिव्हर सरळ गिअरबॉक्सच्या डोक्यावरच बसवलेली असते. मध्ये केबल नाही, वायर नाही.

या लिव्हरच्या खालच्या भागात एक गोळा असतो. तो गोळा एका वाटीत बसतो, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा. गोळ्याच्या खाली लिव्हरचं टोक असतं, त्याला बोट म्हणू. हे बोट आतल्या दांड्यांवरच्या खाचांमध्ये शिरतं. साधारणपणे असे तीन दांडे शेजारी शेजारी असतात. एक पहिल्या-दुसऱ्याचा, एक तिसऱ्या-चौथ्याचा, तिसरा पाचव्या-रिव्हर्सचा. मॉडेलप्रमाणे वाटणी बदलते, पण तत्त्व तेच. लिव्हर डावी-उजवीकडे केली की बोट दांडा निवडतं. पुढे-मागे केली की तो दांडा सरकवतं. दांड्याला जोडलेला फोर्क पुढचं काम करतो. झालं, गिअर पडला!

गिअर पडताना खर्रर्र आवाज येऊ नये म्हणून जी सिंक्रोमेशची सोय असते, ती अमेरिकेत कॅडिलॅकने १९२८ मध्ये आणली. त्यानंतर सगळं बदललं, पण गोळा, वाटी आणि बोट ही तिकडी टिकून राहिली. १९८८ मध्ये टेल्कोने टाटामोबाइल आणली तेव्हा आपल्याकडे पिकअप ही नवलाई होती. आज बोलेरो पिकअप हायवेवर जागोजागी दिसते आणि तिचा गिअर अजूनही हातानेच टाकावा लागतो.

सगळ्या गाड्यांची रचना अशीच असते असं मात्र नाही. ज्या गाड्यांमध्ये लिव्हरपासून गिअरबॉक्स लांब असतो, तिथं मध्ये केबल किंवा सळ्या असतात. तिथं दुखणं बहुतेक वेळा केबलच्या टोकाशी असतं. तेव्हा आधी गाडीखाली एक नजर टाका. उगाच वरून खोदकाम नको!

गुन्हेगार : एक छोटासा बुश

गोळा आणि वाटी यांच्यामध्ये, किंवा लिव्हरच्या बोटावर, अनेक गाड्यांत एक प्लॅस्टिकचा किंवा नायलॉनचा बुश असतो. धातूवर धातू घासू नये आणि लिव्हर थरथरू नये म्हणून. अंगठीएवढी वस्तू! गॅरेजमधल्या सगळ्यात स्वस्त पार्टपैकी एक.

आता चाकणचा ट्रॅफिक डोळ्यांसमोर आणा. नाशिक हायवे, तळेगाव चौक, कंपन्यांची शिफ्ट सुटण्याची वेळ. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, न्यूट्रल, पुन्हा पहिला... दोन-चार किलोमीटरमध्ये किती वेळा गिअर बदलतो, मोजून बघा एकदा. प्रत्येक वेळी तो बुश थोडासा झिजतो. वर गिअरबॉक्सची उष्णता आणि फाटक्या रबरी बुटातून आत जाणारी धूळ. काही वर्षांनी बुश कडक होतो, तडकतो आणि एक दिवस त्याचा चुरा होतो.

मग बोटाला हवी त्यापेक्षा जास्त मोकळीक मिळते. ते एका दांड्याच्या खाचेतून निसटून दोन दांड्यांच्या मध्ये जाऊन बसतं. खरं तर दोन गिअर एकाच वेळी पडू नयेत म्हणून आत इंटरलॉक नावाची सोय असते. पण तीही झिजलेली असेल, तर एक दांडा अर्धवट सरकलेलाच राहतो आणि बोट दुसऱ्यात. दोन गिअर एकदम लागले, तर गिअरबॉक्स कुलूप लावल्यासारखा बंद! क्लच सोडला की इंजिन गचका देऊन बंद पडतं.

गंमत बघा, एवढ्या मोठ्या गाडीला वेठीला धरणारी वस्तू अंगठीएवढी. आणि तिच्यापर्यंत पोचायचं तर लिव्हर बाहेर काढण्याला पर्याय नाही.

नॉब : पहिला अडथळा

सुरुवात सुरक्षेपासून. गाडी सपाट जागी, चारही चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, किल्ली खिशात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली बरी, कारण गिअरमध्ये अडकलेल्या गाडीला चुकून स्टार्टर मारला तर ती उडी घेते. गाडी नुकतीच चालवून आणली असेल, तर गिअरबॉक्स गार होऊ द्या.

बहुतेक नॉब आट्यांवर बसलेले असतात आणि डावीकडे फिरवले की सुटतात. बहुतेक! आधी नॉबखाली लॉकनट आहे का ते बघा. असेल तर तो पान्याने सैल करा. काही नॉबना बाजूला बारीक स्क्रू असतो, तोही तपासा. हे न बघता नॉब पिरगाळत बसलात, तर आटे जाणार हे नक्की.

वर्षानुवर्षांचा घाम आणि दमट हवा यांमुळे आतले लोखंडी आटे गंजतात. अशा वेळी नॉबच्या मुळाशी गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि चक्क निघून जा. चहा प्या, सिनेमा बघा, जमलं तर रात्रभर तसंच राहू द्या. या स्प्रेला सगळ्यात जास्त वेळच लागतो. सकाळी गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं नॉबभोवती गुंडाळा, किंवा हेअर ड्रायर चालवा. नॉब गरम होऊन किंचित प्रसरण पावतो आणि पकड सैल होते. गॅसची बत्ती किंवा लायटर मात्र अजिबात नको! स्प्रे पेट घेणारा असतो, भोवती रबर आणि रेक्झिन असतं.

फिरवताना लिव्हरच्या दांडीला खाली कापड गुंडाळून पकडीने धरा. नाहीतर तुमचा सगळा जोर खालच्या बुशवर जाईल आणि तिथं उरलंसुरलं जे असेल तेही मोडेल.

टोपी : खरी परीक्षा

नॉब निघाला की रबरी बूट. त्याच्या कडेची पट्टी स्क्रूने बसवलेली असते. बूट वर ओढून काढण्याआधी एक काम कराच. ब्रश आणि फडक्याने आजूबाजूची सगळी माती साफ करा. आता जे भोक उघडणार आहे, ते थेट गिअरबॉक्सच्या पोटात जातं. तिथं पडलेला वाळूचा कण तेलाबरोबर फिरत राहतो आणि बेअरिंगला पॉलिश पेपरसारखा घासतो.

आत साधारण तीनपैकी एक प्रकार दिसेल. पहिला : तीन-चार बोल्टनी बसवलेली प्लेट. दुसरा : मोठी सर्क्लिप आणि खाली दाबलेली स्प्रिंग. तिसरा : टोपी. ही औषधाच्या बाटलीच्या चाइल्डप्रूफ झाकणासारखी असते. खाली दाबा, डावीकडे थोडी फिरवा आणि सोडा. ज्यांच्याकडे मारुती जिप्सी होती त्यांना ही टोपी ओळखीची वाटेल. टोयोटाच्या जुन्या पिकअपमध्येही हीच युक्ती, म्हणून अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे पिकअपवाले याच टोपीशी झटतात.

जुन्या गाडीत ही टोपी गंजाने आणि चिकट झालेल्या ग्रीसने धरून बसते. इथं दोन चुका होतात. एक, लिव्हर धरून वर उपटणं. दुसरी, टोपीच्या कडेला छिन्नी लावून हातोडा घालणं. गिअरबॉक्सचं वरचं कव्हर अनेकदा ओतीव ॲल्युमिनियमचं असतं. ओतीव धातू वाकत नाही, तो तडकतो. अंगठीएवढ्या बुशचं काम मग अख्ख्या कव्हरवर जातं. जुन्या मॉडेलचं कव्हर नवं मिळेलच असं नाही. पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या भंगारवाल्याकडे शोधत फिरायची वेळ येते.

त्यापेक्षा लिव्हर न्यूट्रलमध्ये आणा. आणता येत असेल तर! मग टोपीच्या कडेने स्प्रे मारा. लाकडाचा ठोकळा ठेवून चारही बाजूंनी हलकेच ठोका. टकटक, दार वाजवल्यासारखी. या कंपनाने गंज मोकळा होतो आणि स्प्रे आत झिरपतो. थांबा. परत ठोका. मग दोन्ही हातांनी टोपी खाली दाबून फिरवा. सुटताना स्प्रिंग उडू शकते, म्हणून तोंड बाजूला आणि डोळ्यांवर चष्मा. टोपी सुटली की लिव्हर अलगद सरळ वर उचला. काय कशावर बसलं होतं, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बसवताना हाच फोटो तुमची अब्रू वाचवेल.

आत डोकावा

आता टॉर्च. खाली दांड्यांवरच्या खाचा दिसतील. न्यूट्रलमध्ये त्या तिन्ही एका ओळीत असायला हव्यात, प्रार्थनेच्या रांगेतल्या शाळकरी पोरांसारख्या. एखादी खाच पुढे किंवा मागे गेलेली दिसली, तर तोच तुमचा अडकलेला गिअर! जाड स्क्रू ड्रायव्हरने तो दांडा हळूच ओळीत आणा. जागेवर येताना 'टक्' असं जाणवतं. ती आतली गोळी खाचेत बसल्याची खूण.

बुशचे तुकडे आत पडले असतील तर काढायलाच हवेत. प्लॅस्टिकला चुंबक काही करत नाही. लांब चिमटा घ्या, किंवा काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून एकेक तुकडा चिकटवून उचला. मग भोकावर स्वच्छ फडकं. नवा बुश आणेपर्यंत ते हलवायचं नाही.

परत बसवताना बोटाचं टोक तपासा. एका बाजूने झिजून चपटं झालं असेल, तर नवा बुशही लवकर मरेल. गोळ्याला ग्रीस, बोट मधल्या खाचेत, स्प्रिंग, टोपी आणि शेवटी फाटका बूट बदलून नवा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर दोन-दोनदा टाकून बघा, रिव्हर्ससकट. मगच बॅटरी जोडा आणि स्टार्टर मारा.

कुठं थांबायचं?

लिव्हर निघाली, पण दांडा स्क्रू ड्रायव्हरने हलत नाही. किंवा तेलात धातूची चकाकणारी कीस दिसते. याचा अर्थ आजार आत आहे. आता गिअरबॉक्स उतरवावा लागेल आणि ते काम दोन दिवसांच्या हौशी मेकॅनिकचं नाही. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा कोर्स दोन वर्षांचा असतो, तो उगाच नाही!

आणि अशी गाडी गॅरेजपर्यंत ओढत नेताना मागची चाकं उचलून न्या, किंवा प्रोपेलर शाफ्ट सोडवून मगच दोर लावा. ही चाकं थेट गिअरबॉक्सला जोडलेली असतात. अडकलेल्या गिअरसकट ओढलीत, तर जे वाचलं होतं तेही जाईल.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने स्क्रॅप धोरण जाहीर केलं, तेव्हापासून जुनी गाडी जरा कुरकुरली की 'काढून टाक आता' हा सल्ला फुकटात मिळतो. धूर ओकणारी, चेसिस सडलेली गाडी जायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण ठणठणीत इंजिनाची पिकअप एका बुशपायी भंगारात गेली, तर तिच्याबरोबर एका घराचं उत्पन्नही जातं. हा फरक ओळखायला फार मोठं शिक्षण लागत नाही. टॉर्च लावून आत बघायची तयारी लागते.

काही वर्षांनी निघोजेच्या रस्त्यावर लिव्हर असलेल्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरतील. तोवर गावाकडून 'गिअर अडकलाय रे' असा फोन आला, तर भावाला एवढंच सांगा, 'हातोडा खाली ठेव. आधी गाडी सपाटीला घे.'

बॉक्स : हे हाताशी ठेवा

- चाकांना लावायला चार दगड किंवा लाकडी ठोकळे
- गंज सोडवणारा स्प्रे आणि ग्रीस
- पान्यांचा सेट, पकड, जाड स्क्रू ड्रायव्हर
- लाकडाचा ठोकळा आणि छोटा हातोडा (हलकं ठोकण्यासाठीच!)
- टॉर्च, लांब चिमटा, ब्रश, भरपूर स्वच्छ फडकी
- डोळ्यांसाठी चष्मा
- नवा बुश आणि नवा रबरी बूट. दुकानात जाताना जुना बुश, निदान त्याचे तुकडे, बरोबर न्या. मॉडेल आणि वर्षही लिहून न्या
- आणि एक पूर्ण रविवार. घाई असेल तर हे काम सुरूच करू नका!